बहिरमच्या जत्रेतलं हेलिकॉप्टर

डोमाजीचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. मूर्तिजापूरच्या कापसाच्या जिनिंगचा भोंगा सहाला. तिथे तो फिटरच्या हाताखाली होता. भोंगा झाला की हात दुसऱ्याचे. त्याआधीचा वेळ तेवढा त्याचा स्वतःचा. त्या वेळात तो बोलत नसे. बायको मनकर्णा कंदील धरायची, पत्र्याचं दुसरं टोक दाबून बसायची. तिचा हात कधी हलला नाही.

स्टेशनच्या रस्त्याला स्वतःचं लोखंडकामाचं दुकान टाकायचं, एवढीच त्याची मनीषा. जागा ठरली होती. ऐरण आणि भाता यायचे होते. त्यासाठीच त्यानं गोवर्धनशेटचं काम धरलं होतं.

गोवर्धन अकोल्याचा. जत्राजत्रांतून त्याचा लढाईचा खेळ फिरायचा. पत्र्याची जहाजं साखळीवरून सरकायची आणि गिऱ्हाइकानं छऱ्याच्या बंदुकीनं ती पाडायची. जहाजं डोमाजीनंच केलेली, रॉकेलचे डबे कापून. मागच्या साली बहिरमच्या जत्रेत छरे खाऊन ती अर्ध्यातच फाटली. गोवर्धननं मजुरी कापली, ते डोमाजीनं सोसलं. पण चार माणसांत तो ‘कच्चं काम’ म्हणाला, ते डोमाजीच्या मनातून गेलं नाही.

पासष्टची लढाई झाली आणि गोवर्धन पुन्हा दारात आला. हातात छापील चित्र होतं. कुठल्याशा आरमाराचं नवं हेलिकॉप्टर, पोटाखाली रॉकेटं. लोकांना आता नुसती जहाजं नकोत, म्हणाला. हे जहाजावरून उठलं पाहिजे, छरा लागला की रॉकेट सुटलं पाहिजे, दुश्मनाचं जहाज उलटलं पाहिजे.

“जत्रा उठेपर्यंत टिकलं तं पुरी मजुरी,” गोवर्धन म्हणाला. “मोडलं तं काहीच नाही.”

“मोडनार नाही,” डोमाजी म्हणाला.

जाता जाता गोवर्धन हसून बोललाच. “तुमी लोक देवाले मानत नाही, पन देवाच्या जत्रेची भाकर चालते.”

छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून डोमाजी बहिरमच्या पाया पडला नव्हता. त्यानं कानस उचलली.

डब्याचा पत्रा त्यानं या वेळी हातात धरला नाही. भंगारातून जुन्या बॉयलरचा जाड पत्रा आणला, तापवून, ठोकून चित्रातल्यासारखं गोल पोट काढलं. मनकर्णानं उचलून पाहिलं.

“एवढं जड काहून? छरा लागनार हाय, तोफ नाही.”

“यंदा कच्चं म्हनाले जागाच ठेवत नाही.”

दांडा फिरवला की तार ताणायची, हेलिकॉप्टर उठायचं, वरचा पंखा फिरायचा. पोटाखाली चकती होती. तिला धक्का लागला की खिटी सुटायची आणि रॉकेट तारेवरून घसरत दुश्मनाच्या जहाजावर आदळायचं. खिटी छऱ्यानं सुटावी, पण अचलपूरला जाणाऱ्या शकुंतला रेल्वेच्या धक्क्यांनी सुटू नये, अशी बसवायची होती. थोडी घासायची, लावून पाहायची, पुन्हा घासायची. कितीतरी पहाटा त्यात गेल्या. बंदूक गोवर्धनकडे होती. डोमाजीनं चकती बोटाच्या टिचकीनं तपासली.

कपाशीचा हंगाम, जिनिंगमधून सुटी मिळणं शक्य नव्हतं. दांडा किती फिरवायचा, कुठे थांबायचं, हे दुसरं कोणाला ठाऊक? मनकर्णाला. म्हणून तीच खेळाबरोबर शकुंतलेनं अचलपूरला आणि तिथून बहिरमला गेली. खेळामागच्या पडद्याच्या कडेला, दांड्याशी तिची जागा होती.

रविवारी डोमाजी पोचला. जत्रा भरात होती, हंड्यांतल्या मटणाचा वास सगळीकडे. गोवर्धनच्या तंबूपुढे पाय ठेवायला जागा नव्हती. डोमाजी गर्दीतच उभा राहिला. कडेनं मनकर्णा दिसत होती. तिनं त्याला पाहिलं, डोळ्यांनीच हसली आणि दांडा फिरवला. हेलिकॉप्टर उठलं. तसूभरही डगमगलं नाही.

एका रुबाबदार माणसानं नेम धरला. छरा चकतीला न लागता वर गोल पोटावर बसला. टण्ण आवाज झाला.

डब्याच्या पत्र्यावर छरा बसला की थप्प वाजायचं आणि पोचा पडायचा. इथे ओरखडाही नव्हता. त्या आवाजानं डोमाजी सुखावला. शेजारच्याला सांगणार होता की हे आपण केलं.

तेवढ्यात दांडा सुटला, हेलिकॉप्टर धाडकन खाली आलं. मनकर्णा डाव्या डोळ्यावर दोन्ही हात दाबून बसली होती. बोटांतून रक्त येत होतं.

पातळ पत्रा छरा गिळायचा. जाड पत्र्यानं तो परत फेकला. डोमाजीला हे तिथेच, तिच्याजवळ पोचेपर्यंत समजलं.

अमरावतीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी डोळा काढला. मनकर्णा डोमाजीला कधी काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटायचं.

जत्रा उठल्यावर गोवर्धन आला. बसला नाही. तुमचंच लोखंड, तुमचीच बाई, मी काय करणार, असं म्हणाला. मग मजुरी पुढे केली.

“बोललो तशी पुरी देतो. काम तं मोडलं नाही.”

डोमाजीनं ती घेतली. त्यानं ठरवलेली ऐरण दुसऱ्यानं नेली. स्टेशनच्या रस्त्यावरच्या त्या जागेत पुढे सायकलचं दुकान निघालं. डोमाजी जिनिंगमध्येच राहिला, चारला उठत राहिला.

मजुरीतून काचेचा डोळा आला, नागपूरहून. रंग थोडा फिका मिळाला.