चवळीतली आख्खी मिरची

काल आमच्या जपानमधल्या ओजिमाच्या बिल्डिंगमध्ये कुणीतरी पाम तेलात चवळी शिजवली, आणि नुसत्या वासानंच माझ्या डोळ्यांना धार लागली.

काही वर्षांपूर्वी मी इथल्याच एका इंडियन हॉटेलात आचारी होतो. दुसरा आचारी घानाचा, क्वामे. मालकांना एकच माणूस ठेवायचा होता, म्हणून त्यांनी दोघांनाही चवळी करायला लावली. क्वामेची पाम तेलातली, लालभडक, तेल वर आलेलं, मधोमध एक टपोरी मिरची तरंगत होती. मोडक्या जपानीत तो म्हणाला, "ती फक्त वासाला. चावू नकोस."

कोल्हापूरच्या माणसाला मिरची शिकवतो व्हय? भाकरीबरोबर चावतो तशी मी ती आख्खी चावली. कान वाजायला लागले, नाक गळायला लागलं, फरशीवर लोळत मी आईला हाका मारल्या. क्वामे बिचारा दूध घेऊन धावला. मालक मोबाईल घेऊन.

संध्याकाळी मालकांनी क्वामेला काढलं. आता वाटतं, सुटला. तेव्हा मी घरी फोन करून ओरडलो, "आपली उसळ जिंकली!"

शनिवारी मालकांनी मला भरल्या हॉटेलात गिऱ्हाइकांपुढे उभं केलं, हातात तसलीच मिरची दिली आणि म्हणाले, "हं, लोळ."