मोरागने निवडलेली ऊब

खाणीच्या काट्यावर मी तीस वर्षं कोळशाची वजनं लिहिली. त्यापलीकडे लिहिण्याचा मला सराव नाही. काही चुकलं तर मोराग सांगेलच, ती शेजारीच राहते.

मोराग टलॉक बावीस वर्षं न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला, आमच्या साउथलंडमधल्या कत्तलखान्यात मेंढ्या सोलत होती. लग्नाच्या पहिल्याच वर्षी नवऱ्याने, फर्गसने, तिच्यावर हात उगारला, तेव्हा तिने त्याला उचलून मेंढ्या धुण्याच्या हौदात फेकलं. पुढे तो खुर्च्या आणि बशा फोडत राहिला, तिच्या अंगाला मात्र यंदापर्यंत हात लावला नाही.

खाणीने फर्गसच्या फुप्फुसांत धूळ भरली. कोळशाच्या धुरात आणखी एक हिवाळा काढला तर सप्टेंबरातला वसंत दिसणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. म्हणून मोरागने मागच्या बाजूला त्याच्यासाठी एक खोली वाढवायला घेतली आणि प्लंबर नेव्हिलला विचारलं, ही तापवायची कशाने?

"गॅस?"

"गॅसच्या स्फोटातच याचा भाऊ खाणीत गेला. घरात नको."

"मग लाकडाच्या गोळ्यांची शेगडी?"

"म्हणजे परत राख. ती रोज उपसायला तू येणार का?"

शेवटी हीट पंप ठरला, म्हणजे खोली तापवणारा उलटा एसी, आणि त्याच्या विजेसाठी ऊन पडतं त्या उत्तरेच्या छपरावर सोलर पॅनल.

पंपाचा बाहेरचा डबा बसवला त्याच दिवशी फर्गसने तो कोळशाच्या हातोड्याने फोडला. तीन घाव घातले. चौथ्याला धाप लागून तिथेच बसला.

"जन्मभर कोळसा खणला मी!" तो खोकत ओरडला. "आणि आता पंख्यापुढे शेकत बसू?"

"बस, नाहीतर मर," मोराग म्हणाली आणि तिने दुसरा डबा मागवला.

नवी भिंत आड येत होती म्हणून नेव्हिलने कोळशाच्या जुन्या लोखंडी चुलीचे पाण्याचे नळ कापले. आमच्याकडच्या चुलींच्या पाठीला पाणी तापवायची लोखंडी पेटी असते. पाणी गळू नये म्हणून त्याने पेटीची दोन्ही तोंडं बुचं मारून बंद केली.

"गुरुवारी येऊन पेटी काढतो. तोवर चूल पेटवायची नाही. वाफेला वाट नाही, बॉम्ब होईल तिचा."

"चाळीस वर्षं पेटवतोय मी," फर्गस गुरगुरला. "कालचं पोरगं मला चूल शिकवतंय!"

बुधवारी सकाळी दंव गोठून गवत पांढरं झालं होतं. मोराग फर्गसची औषधं घेऊन परत येत होती. माझ्या कुंपणाशी ती थबकली. तिच्या धुराड्यातून पिवळा धूर निघत होता. पिशवी टाकून ती धावली. मी मागे गेलो, पण दारापर्यंतच.

चूल आतून ठणठणत होती. फर्गस सळई उगारून तिच्यापुढे उभा.

"विझवू देणार नाही!"

"फर्गस, बाहेर हो!"

त्याने सळई हाणली. मोरागचं डावं मनगट मोडल्याचा आवाज मला दारात ऐकू आला. दुसऱ्या घावाने तिचं कपाळ फुटलं. तिने उजव्या हाताने त्याची मानगूट धरली आणि मेंढी ओढावी तसं त्याला फरफटवलं. तो तिच्या अंगठ्याला चावला. तिने त्याचं डोकं चौकटीवर आपटलं. तो सैल पडला, तसं तिने त्याला अंगणात ओढलं.

तेवढ्यात चूल फुटली. तिचं लोखंडी दार नव्या भिंतीतून आरपार जाऊन माझ्या कोबीच्या वाफ्यात रुतलं. फर्गस उभा होता तिथली जमीन उखडून गेली होती.

दोघं रक्ताने माखून गवतावर बसली होती.

"चहाचं पाणी ठेवलं होतं," फर्गस म्हणाला.

भिंत पुन्हा बांधली, पंप लागला. मोरागचं मनगट वाकडंच जुळलं. जुलैत एकदा त्यांच्याकडे बसलो होतो. खोली गारठली होती.

"सळई कुठाय गं?" फर्गसने विचारलं.

"नदीत."

"आणि त्या डब्याचा रिमोट?"

तिने एप्रनच्या खिशावर वाकडा हात ठेवला. "माझ्याकडे. ऊब हवी तर नीट माग."

त्याने घोंगडी खांद्यांवर ओढली. मग माझ्याकडे न बघता पुटपुटला, "मोराग, लाव ना. प्लीज."

तिने लावला.

आता सप्टेंबर संपत आलाय. काल फर्गस कुंपणाशी येऊन माझ्या कोबीला नावं ठेवून गेला.