हातखंबा चुकला

मासळीच्या ट्रकांना ‘कुठे पोचलात?’ असं विचारायचं, ही माझी नोकरी. जेटीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं ट्रान्सपोर्टचं ऑफिस, समोर बर्फाचा कारखाना, आणि माझ्या टेबलावर एक स्क्रीन. त्यावर सहा ठिपके. एक ठिपका म्हणजे एक गाडी. माल मुंबईला जायचा, रिकामे क्रेट परत यायचे. ठिपका जरा थांबला की मी फोन लावायचे, आणि माझा आवाज ऐकून ड्रायव्हरच्या घशात चहा अडकायचा. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू?

खरं तर ड्रायव्हरांना त्या ठिपक्याची गरज नव्हती. किलोमीटर कुणीच सांगत नसे. परशुरामचा घाट उतरलो, आरवलीची गरम कुंडं मागे टाकली, असा हिशोब. त्यात सगळ्यांत जुने एक काका होते, संगमेश्वराकडचे. तीस वर्षं याच रस्त्यावर. त्यांचं सांगणं और होतं. “सावर्ड्याच्या काताचा वास आला गो बाय.” “शास्त्री पुलाचे सांधे वाजले चाकाखाली. आता वाईच चढ, मग उतार.” मी स्क्रीनवर बघायचे, तर ठिपका नेमका तिथेच.

एकदा यंत्र बिघडलं आणि त्यांचा ठिपका चिपळुणात अडकून बसला. मी चिपळूणला का थांबलात म्हणून फोनवर करवादत होते आणि काका ऑफिसच्या दारात उभे. “तुझ्या त्या ठिपक्याला इचार गो, मी हितं हाय का चिपळुणात?” चहा पिणारे सगळे ड्रायव्हर फिदीफिदी हसले. मीही हसले. पण नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. मी डूख धरला.

पंधरा दिवसांत संधी चालून आली. भर सकाळी अकरा वाजता काकांचा ठिपका हातखंबा सोडून सरळ पुढे निघाला. हातखंब्याला रत्नागिरीकडे वळायचं, हे एसटीत पेंगणाऱ्या माणसालाही कळतं. ठिपका पाली ओलांडून लांज्यात शिरला, तेव्हा मी फोन स्पीकरवर टाकला.

“काका, कुठे पोचलात?”

“बावनदी येयाची हाय अजून. पूल वाजला नाय.”

“काका, तुम्ही लांज्यात आहात.”

पलीकडून करकचून ब्रेक लागल्याचा आवाज आला. रस्ता चौपदरी झाला होता, नवं काम गुळगुळीत होतं, चाकाखाली काही वाजलंच नव्हतं. जे पूल मागे पडले त्यांची वाट बघत काका पुढे जात राहिले होते. ऑफिसात हशा पिकला. काखेत कळसा नि गावाला वळसा, असं कुणीतरी म्हणालं.

मी मात्र संध्याकाळी माझी वही काढून बसले. काकांनी दोन वर्षांत सांगितलेली ठिकाणं तीत लिहिलेली होती. वास, आवाज, चढ, उतार. एकाही पाटीचा उल्लेख नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी एकटी असताना काका आपणहून आले. खुर्ची चाचपून बसले. “मोतीबिंदू हाय, दोनी डोळ्यांत. पावसाळ्यात बोटी बंद झाल्या की गाड्या उभ्याच ऱ्हातात, तवा ऑपरेशन करून घेतो. तवर कुणाला बोलू नको गो बाय. एकदा का सुटलो, तर ह्या वयात मला परत कोण गाडीवर घेईल?”

डोळ्यांनी धड न दिसणारा माणूस ट्रक घेऊन घाट उतरतोय, हे कळल्यावर सरळ मार्ग एकच होता. ‘काका, किल्ली इथे ठेवा’ म्हणायचं, आणि ऑपरेशननंतर परत घ्या म्हणून मालकांकडे शब्द टाकायचा. मालक माझं ऐकत. मी नुसतं “बघते” म्हणाले. काका मला आशीर्वाद देऊन गेले. आणि मला खेळ रंगवायचा होता, म्हणून मी त्यांना आणखी एक फेरी करू दिली. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

ते परतले त्या सकाळी सगळे चहाला जमले होते, मालकही होते. काका तोंड धुवायला गेले तेवढ्यात ऑफिसातल्या दुसऱ्या किल्लीने त्यांची गाडी मी बर्फाच्या कारखान्यामागे लावून घेतली होती आणि तिच्या जागी तशीच दुसरी उभी केली होती.

“काका, नवा नियम आहे. दारातून आपल्या गाडीचा नंबर वाचून दाखवायचा.”

काकांनी माझ्या आवाजाकडे तोंड वळवलं. मग दारात जाऊन ताठ उभे राहिले आणि शाळेत कविता म्हणावी तसा एकेक आकडा सावकाश म्हणाले. स्वतःच्या गाडीचा नंबर, तोंडपाठ.

लोक खो खो हसले. कशाला हसतायत ते न कळून काकाही हसले. मग कुणीतरी म्हणालं, “काका, ती तुमची गाडी न्हाय.” तेव्हा हसणं थांबलं. मालकांनी हात पुढे केला. काकांनी खिशातून किल्ली काढली आणि त्या हाताच्या वीतभर अलीकडे सोडली. ती फरशीवर पडली.

“मोठा अपघात टाळलात,” मालक मला म्हणाले. टळला असेलही. पण त्या वेळी माझ्या मनात अपघाताचा विचारसुद्धा नव्हता. मी जिंकले, एवढंच मनात होतं, आणि त्या दिवशी मी दोन घास जास्त जेवले.

मे महिन्यात एकदा दुपारी एसटी स्टँडवर बसले होते. उन्हाने सगळं सामसूम. बाकाच्या दुसऱ्या टोकाला काका येऊन बसले, मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत डॉक्टरांचे कागद. मी श्वास रोखला. चिपळूण गाडी लागली, दोन माणसं चढली.

काका माझ्याकडे वळले. “कोण हाय गो हितं? ही चिपळूणची काय? डोळ्यांच्या शिबिराला जायाचंय. आजच बोलावलंय.”

हो म्हणायला एक अक्षर पुरे होतं. पण दोन वर्षं रोज फोनवर माझाच आवाज ऐकलेला माणूस तो, एका अक्षरात ओळखला असता. मी बोलले नाही. मी बोटाने गाडीकडे दाखवलं.

काका माझ्या उत्तराची वाट बघत राहिले. कंडक्टरने घंटी मारली.

“मुकी हायस काय, बाय?” ते हळूच म्हणाले. “असूंदे. असूंदे.”

काकांना बाकावरच सोडून गाडी स्टँडबाहेर पडली, तरी माझं बोट तसंच पुढे होतं.