प्लायवूडच्या भिंतीवरून आलेली पोच

नव्या वायरचं वेटोळं सोडलं की येणारा तो रबरासारखा वास मला परभणीच्या कॉम्प्युटर क्लासात घेऊन जातो. चपला बाहेर काढून आत जायचं, दोन खोल्यांत एकेक मशीन, मध्ये छताला न टेकलेली प्लायवूडची भिंत आणि तिच्या भोकातून गेलेली काळी वायर. त्या दिवशी माझे वडील, आबा, पालमहून एसटीनं मला परत न्यायलाच आले होते, कारण स्थळ आलं होतं. त्यांच्यासमोर उभं राहून नको म्हणणं मला जमलं नसतं. सरांनी त्यांना पलीकडच्या मशीनसमोर बसवलं, तेव्हा आबांनी आधी स्क्रीनला हात जोडले. इकडून मी इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप केलं आणि तिकडं सरांनी वाचून दाखवलं, "आबा, कोर्स पुरा करू द्या." मग शेतातून हाक मारावी तसे आबा त्या मशीनलाच म्हणाले, "शीक की माय. म्या कुठं न्हाई म्हणायलोय." ते मला भिंतीवरूनच ऐकू आलं, माझ्या स्क्रीनवर काहीच उमटलं नव्हतं. आता मी नेटवर्क शिकवते, आणि निरोप मिळाल्याची पोच वायरीतूनच परत येते असं पोरांना सांगताना दरवेळी जराशी अडखळते.