लपवून ठेवलेला पिचर

एलिहियो मास्तरांच्या मैदानावर गवत असं नव्हतंच. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या एका बेटावरच्या निसाओ गावाबाहेर, ऊस संपून काटेरी झुडपं सुरू होतात तिथली जागा त्यांनी स्वतः दगड वेचून सपाट केली होती. सकाळी शेळ्या हाकलल्या की मैदान तयार. सतराव्या वर्षी त्यांना एका अमेरिकन क्लबने उचललं होतं, दोन उन्हाळे उत्तरेत खेळवलं आणि मग विमानात बसवून परत धाडलं. तिकडून काय आणलंत, असं कुणी विचारलं की ते म्हणायचे, "एक जाकीट. इथं घालायला थंडी मिळाली नाही अजून."

तेव्हापासून ते गावातल्या पोरांना बेसबॉल शिकवत आले. पोरांना दुपारी घेवडा-भात खायला घालायचा, बूट पुरवायचे, हात तयार करायचा आणि सोळा वर्षं भरली की एखाद्या क्लबच्या स्वाधीन करायचं. क्लब देईल त्यातला वाटा मास्तरांचा. त्या किनाऱ्यावर गावोगाव हाच धंदा. मास्तरांची काही पोरं गेलीही. वरच्या टीमपर्यंत मात्र एकही पोचलं नाही. मास्तरांनी लग्न केलं नव्हतं, त्यामुळे घरी त्यावरून बोलणारंही कुणी नव्हतं.

मग ओदालिस आला. मासे विकणाऱ्या नुरीसचा मुलगा, लांब हाडांचा, अबोल. एकदा मैदानाबाहेर गेलेला चेंडू त्याने रस्त्यावरून सहज परत फेकला, आणि मास्तर बोलता बोलता थांबले. असा हात शिकवून येत नाही, तो फक्त सांभाळायचा असतो, हे त्यांना कळत होतं.

ओदालिस चौदाचा झाला तेव्हा फाउस्तो येऊन त्याला पाहून गेला. फाउस्तो एका मोठ्या क्लबसाठी पोरं हेरायचा. लहानपणी मास्तरांच्याच हाताखाली खेळलेला. त्याने शब्द दिला: सोळाव्या वर्षी, जानेवारीतल्या सह्यांच्या दिवशी, हा पोरगा आमचा. नुरीसचं पक्कं घर होईल इतके पैसे. तोवर कागद करता येत नाही. असले सौदे तोंडीच होतात आणि तोंडीच पाळले जातात. शब्द घेतला की पोरगा दुसऱ्या कुणाला दाखवायचा नाही, हीसुद्धा रीतच. बाकीचे मास्तर तोंडाने हो म्हणतात आणि मागच्या दाराने पोरगा दाखवत राहतात. एलिहियो मास्तरांना ते जमलं नाही. दुसऱ्या क्लबची गाडी दिसली की ते ओदालिसला नदीवर पिटाळायचे.

"मास्तर, तुमचा तो उंच पोरगा कुठाय?" गाडीतला माणूस विचारायचा.

"खांदा दुखतोय त्याचा."

"गेल्या खेपेलाही दुखत होता."

"वाढीचं वय आहे हो."

हळूहळू विचारणारे विचारायचे थांबले. मास्तरांना त्याचं समाधानच वाटायचं.

ओदालिसला सोळा पूर्ण झाली त्या वर्षीचा डिसेंबर उजाडला. अमेरिकेत सामने संपलेले असतात, पण खरी धामधूम तेव्हाच सुरू होते: कोण कुणाला विकतोय, कोण कुठे सही करतोय. त्या वर्षी जपानचा एक तरुण पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, आपला क्लब निवडणार होता आणि सगळे क्लब त्याच्या मागे लागले होते. एका संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातल्या टीव्हीवर बातमी आली, की तो फाउस्तोच्या क्लबला मिळाला. दुकानात एकच आरडाओरडा झाला.

"ओदालिस, तुझा जोडीदार आला रे! जपानी शिकायला लाग!"

"अगं नुरीस, मासे कच्चेच वाढ आता पाव्हण्याला!"

नुरीस तोंडाला पदर लावल्यासारखा हात लावून हसत होती. मास्तर हसले नाहीत. त्या जपानी पोराचं वय पंचविशीच्या आत होतं. म्हणजे त्याचे पैसे त्याच हंड्यातून निघणार, ज्यातून या किनाऱ्यावरच्या पोरांचे निघतात. परदेशातल्या अशा कोवळ्या खेळाडूंवर क्लबला वर्षाकाठी ठरावीक रक्कमच खर्चता येते; हंडा एकच असतो.

दोन दिवसांनी फाउस्तो आला. गाडी सावलीत असूनही त्याला घाम फुटला होता.

"मास्तर, माझ्या हातात काही राहिलं नाही. वरून फोन आला. आमची सगळी पोरं सोडली."

"तू शब्द दिला होतास."

"मी दिला होता. हंडा माझा नव्हता." तो खाली बघत म्हणाला, "दुसऱ्या कुणाला दाखवा. चांगलं पोर आहे."

"कुणी बघितलंय त्याला?"

फाउस्तोने गाडीचं दार उघडलं.

मग मास्तर ओदालिसला मोटारसायकलवर मागे बसवून पार बोका चिका गावापर्यंत क्लबांच्या दारोदार हिंडले. सगळीकडे तेच. पोरगा छान आहे, पण या वर्षीचे पैसे कधीच वाटून झाले. पुढच्या वर्षी या. पुढच्या वर्षी तो सतराचा होईल आणि सतराच्या पिचरकडे बघणारे किती कमी होतात, हे मास्तरांना कुणी सांगायला नको होतं.

एकच माणूस मैदानावर यायला तयार झाला. काळा चष्मा, हातात वेग मोजायचं यंत्र. "थोडे पैसे शिल्लक आहेत," तो म्हणाला. "आज काही खास दिसलं तर."

"परवा या. काल आणि त्याच्या आदल्या दिवशीही चेंडू टाकलेत त्याने. हात थकलाय."

"परवा ते पैसेही नसतील."

नुरीस माशांची टोपली घेऊनच आली होती. ती मास्तरांकडे बघत राहिली. ओदालिस म्हणाला, "मी टाकतो, मास्तर."

पहिले चेंडू चांगले गेले. चष्मेवाला यंत्र बघून नुसता मान हलवायचा: अजून. मग ओदालिस जोर लावू लागला आणि थकलेल्या हाताचं कोपर खाली यायला लागलं. एका चेंडूनंतर त्याने हात शर्टाला पुसल्यासारखं केलं. तो पुसत नव्हता, दुखतंय म्हणून दाबत होता. मास्तर चालत त्याच्यापर्यंत गेले आणि तळवा पुढे केला.

"चेंडू दे."

"अजून दोनच, मास्तर. पाया पडतो."

"दे."

चष्मेवाल्याने यंत्र पिशवीत घातलं. गाडी वळून गेली तरी धूळ बराच वेळ खाली बसली नाही.

"दोन वर्षं तुम्ही त्याला लपवलंत," नुरीस म्हणाली. आवाज चढला नव्हता. "आणि दाखवायची वेळ आली तेव्हा चेंडू काढून घेतलात."

"हात गेला असता, बाई."

"आता राहिला ना? काय करू त्या हाताचं? मासे कापायला लावू?"

मास्तर वाकून विखुरलेले चेंडू वेचायला लागले.

दुसऱ्या दिवशी ओदालिस आला नाही. तो गावापलीकडे चिचो या दुसऱ्या मास्तराच्या मैदानावर जायला लागला होता. चिचो पोरांना रोज टाकायला लावतो, येईल त्याला दाखवतो, दुखलं तर सुई टोचून उभं करतो. सह्यांचा दिवस आला आणि गेला. किनाऱ्यावर कुठे कुठे बँड वाजले, नव्या टोप्या घालून पोरांनी फोटो काढले. निसाओत काही वाजलं नाही.

आठवडाभराने मास्तर चिचोच्या मैदानावर गेले. "त्याला महिनाभर टाकू देऊ नकोस," ते म्हणाले. "कोपर बघ जरा."

"बसा, कॉफी घ्या," चिचो म्हणाला. "वाईट वाटून घेऊ नका मास्तर, पण तुमचं ऐकून पोर कुठं पोचलं?"

ओदालिसने त्यांना पाहिलं होतं. त्याने पाठ फिरवली, पाय उचलला आणि चेंडू टाकला. मास्तर कुंपणाची तार धरून उभे राहिले. दर चेंडूगणिक कोपर थोडं खाली येत होतं, आणि या मैदानात जाऊन चेंडू मागायचा हक्क त्यांना नव्हता. ओदालिसने हात एकदा शर्टाला दाबला आणि दुसरा चेंडू मागितला.