अंबाडीची हॉकी स्टिक

मी शिकवते त्या वर्गातल्या मुलींनी अंबाडीचे धागे रेझिनमध्ये बसवून हॉकी स्टिक तयार केली. वजनं टांगून ती किती वाकते, हेही तपासून झालं. मग सायली म्हणाली, "मॅडम, आता मैदानावर एकदा तुम्हीच मारून बघा ना."

लग्नानंतर मी स्टिक हातात धरलीच नव्हती. मूठ आवळली आणि गुडघे आपोआप वाकले. इतकी वर्षं न वापरलेली गोष्ट शरीर कुठे जपून ठेवतं, कोण जाणे. चेंडू सरळ कुंपणापर्यंत गेला.

"तुम्ही खेळायचात?" सायलीनं विचारलं.

"हो," मी म्हटलं.

स्टिक टिकली म्हणून मुली खुशीत होत्या. मला मात्र त्या चेंडूमागे धावत सुटावंसं वाटत होतं, आणि मागून कुणीतरी माझं माहेरचं नाव घेऊन "पास दे" म्हणून ओरडावं, असंही.