मुलुंडच्या संग्रहालयात आईचा वरवंटा

बुधवारी सकाळी चहा पिता पिता आईने विचारलं, "मुलुंडाक कसा जातत गो?"

ती मुलुंडला कशासाठी जायचं म्हणतेय ते मला ठाऊक होतं, आणि ती वस्तू तिथे जाऊन पडायला कारणीभूत मीच होते.

नेहमीच्या वाचकांना माहीत आहे, मी बोरिवलीत राहते आणि सुट्टी मिळाली की उपनगरांतच भटकते. जोगेश्वरीच्या लेण्यांवर लिहिलं, ट्रॉम्बेच्या कोळीवाड्यावर लिहिलं. लांबचं सगळेच बघतात, जवळचं कोणी बघत नाही, म्हणून हा ब्लॉग. या वेळची सहलही तशीच, फक्त सोबत आई होती आणि परत येताना माझं डोकं असं तापलेलं होतं की पाच दिवस काही लिहिलं नाही. आता लिहिते.

दोन वर्षांपूर्वी आमची चाळ पुनर्विकासाला गेली आणि आम्ही भाड्याच्या फ्लॅटमध्ये आलो. आईचा पाटा-वरवंटा कुठे ठेवायचा हा प्रश्न होता, कारण ओट्यावर मिक्सर ठेवल्यावर चमचा ठेवायला जागा उरत नव्हती. त्याच सुमारास मुलुंडच्या एका कॉलेजची मुलं चाळीचाळीतून फिरत होती. उपनगरांत राहिलेल्या गिरणी कामगारांच्या घरातल्या वस्तू त्यांना कॉलेजच्या संग्रहालयासाठी हव्या होत्या. मीच आईच्या मागे लागले. "दे ना गं, काचेत ठेवतील, खाली तुझं नाव लिहितील." त्यांच्या मॅडम स्वतः आल्या होत्या. म्हणाल्या, "काकू, कधीही लागला तर घेऊन जा, तुमचाच आहे." आईने एका इंग्रजी कागदावर सही केली. तो कागद मी वाचला नाही. हे आधीच लिहून टाकते, नाहीतर पुढचा सगळा राग मी दुसऱ्यांवरच काढतेय असं वाटेल.

आता माझ्या भावाला मुलगी झालीय आणि रविवारी बारसं. आमच्याकडे बारशाला आधी वरवंट्याला न्हाऊ घालतात, झबलं-टोपडं चढवतात आणि पाळण्याच्या खालून-वरून एका बाईच्या हातातून दुसरीच्या हातात देतात. त्यानंतर बाळ पाळण्यात जातं. पोर दगडासारखं टणक व्हावं म्हणून. वरवंटा तसा कुणाचाही चालतो, शेजारणीने आणून दिला असता. पण हा माझ्या आजीचा, मालवणहून मुंबईला आलेला. मी, माझा भाऊ, झाडून सगळी चुलत भावंडं, याच्याच मागून पाळण्यात गेलोय.

"शेजारच्यांकडून आणूया ना," मी म्हणून बघितलं.

"कित्याक? आमचो मेलो काय?" आई म्हणाली.

फोन केला तर मॅडम फार गोड बोलल्या. "अय्या, उद्याच या ना! उद्या आमचा समाज-सहभाग दिवस आहे, काकूंना खूप आवडेल." वरवंटा देणार की नाही, त्यावर एक अक्षर नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

कसं जायचं ते सांगते. बोरिवलीहून मुलुंडला गाडी बदलून जाता येतं, पण आईचे गुडघे जिने चढत नाहीत, म्हणून आम्ही दोन बसेस केल्या. पहिली द्रुतगती मार्गाने जोगेश्वरीपर्यंत, तिथून दुसरी जोडरस्त्याने पवईवरून. पवईचा तलाव दिसेपर्यंत आई खिडकीतून बाहेर बघत मजेत होती. पुढे कांजूरला जी वाट लागली ती भांडुप संपेपर्यंत. साडेआठला निघालो, मुलुंडला उतरलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. तुम्ही जाणार असाल तर सरळ अकराला निघा, गर्दी ओसरलेली असते. उतरल्यावर कॉलेजपर्यंत रिक्षा, मीटर जेमतेम एकदा पडतो. त्या गल्लीत चार कॉलेजं शेजारीशेजारी आहेत, त्यामुळे झेरॉक्सची दुकानं, डोशाच्या गाड्या आणि पोरंच पोरं. आम्ही एका टपरीवर कटिंग आणि बटाटावडा घेतला. वडा झकास होता, आई म्हणाली चटणीत खोबरं शिळं आहे.

संग्रहालय कॉलेजच्या जुन्या इमारतीत तळमजल्यावर आहे. प्रवेश फुकट, सोमवारी बंद, दुपारी एक ते दोन कुलूप. दोन मोठ्या खोल्या. आणि खोटं कशाला बोलू, पहिली खोली मला आवडली. चेंबूरच्या एका बौद्ध कुटुंबाने दिलेली पत्र्याची ट्रंक आहे. तिच्या झाकणाच्या आतल्या बाजूला त्या घरातल्या आजोबांनी रात्रशाळेत शिकताना खडूने गणितं सोडवलीत आणि ती अजून पुसली गेलेली नाहीत. मी तिथे बराच वेळ उभी राहिले. अशा एका वस्तूसाठी दोन बसेस बदलाव्यात.

दुसऱ्या खोलीत समाज-सहभाग चालू होता. नऊवारी नेसलेल्या पोरी, एका भिंतीवर आठवणींच्या रंगीत चिठ्ठ्या, आणि मधोमध टेबलावर पाटा. हो, टेबलावर. 'पाट्यावर चटणी वाटा, फोटो काढा.' पोरं उभ्याने, वरवंटा लाटण्यासारखा फिरवत होती. बाजारातून नवा आणलेला पाटा, टाकीने टोचून खडबडीत केलेला नाही, गुळगुळीत. शेंगदाणे इकडून तिकडे घरंगळत होते.

"खाली बस गो बाय," आई एका पोरीला म्हणाली. "अंगाचा वजन पडाक होया."

"आजी, खाली बसलं की फ्रेममध्ये येत नाही ना," पोरगी म्हणाली.

आई कोपऱ्यातल्या काचेच्या कपाटाशी गेली, तिथे तिचा पाटा होता. खाली छापील पाटीवर तिचं नाव, गाव, 'मसाला वाटण्याचे पारंपरिक साधन'. मला क्षणभर बरंही वाटलं. आईने चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"हो माझो न्हय," ती म्हणाली.

मला वाटलं, काचेमुळे दिसत नसेल. मॅडमही धावत आल्या. "काकू, तुमचंच नाव आहे ना खाली!"

"नाव माझा आसा. वरवंटो माझो न्हय. पाटो माझो, हो दुसऱ्याच कोणाचो तरी. बघा, पाट्याच्या भायर येता. असल्यान वाटलंय तर बोटां सोलतली."

मग मलाही दिसलं. काचेतला वरवंटा काळा, लांब, पाट्याच्या दोन्ही बाजूंनी चांगली दोन-दोन बोटं बाहेर आलेला. आमचा आखूड, करडा, एका अंगाने चपटा, कारण आजी डावरी होती आणि तिचा जोर एकाच बाजूला पडायचा. चाळीस वर्षं त्याच चपट्या अंगावर तळवा ठेवून आईने वाटप वाटलंय. तिला नाही कळणार तर कुणाला कळणार?

मॅडमनी रजिस्टर आणलं. त्यात ओळ होती, क्रमांक होता, आईची सही होती. "बघा, नोंद बरोबर आहे. दोन वर्षं झाली काकू, विसरायला होतं."

मी म्हणाले, "त्या विसरत नाहीयेत. तुम्ही अदलाबदल केलीय."

"तसं होऊच शकत नाही, आमची पद्धत असते."

"मगे माझो खय आसा?" आईने विचारलं.

"हाच तुमचा आहे काकू."

"बरां. हो माझो, तर हो दी. रयवारी बारसा आसा, सोमवारी परत हाडून देतंय."

आणि इथे त्या बाईंचा सूर बदलला. रजिस्टरला चढलेली वस्तू बाहेर जाऊ शकत नाही. कमिटी आहे. लेखी अर्ज. तुम्ही दान केलंय, कागदावर तसं स्पष्ट आहे. मी त्यांना त्यांचंच 'तुमचाच आहे' आठवून दिलं, तर म्हणाल्या, "ते भावनेने म्हटलं होतं हो." म्हणजे यांच्या भावना तोंडी आणि आमच्या सह्या कायम! माझा आवाज चढला होता, नऊवारीतल्या पोरी बघायला लागल्या होत्या, आणि मला त्याची जराही लाज वाटली नाही. अजून वाटत नाही.

पण कहर पुढेच होता. मॅडमचा चेहरा एकदम उजळला. "काकू, आयडिया! बारसं इथेच करा ना. आम्ही पाळणा सजवू, मुलींना बोलावू, सगळं शूट करू. किती सुंदर कार्यक्रम होईल!"

बारा दिवसांचं बाळ. त्याची ओली बाळंतीण. जोडरस्त्याचा तो ट्रॅफिक. आणि काचेतला, कोणा परक्या बाईचा वरवंटा. मी तोंड उघडणार तेवढ्यात आईने माझा दंड धरला.

"माझ्या नातीचा बारसा माझ्या घरात होतला," ती म्हणाली. "तुमका येवचा आसात तर या, जेवान वाढतंय. कॅमेरो नको."

आम्ही बाहेर पडलो. मी तणतणत पुढे, आई मागे. फाटकापाशी पोचले तरी मागून पावलांचा आवाज नाही, म्हणून वळून पाहिलं. इमारतीच्या पायऱ्यांशी समाज-सहभाग दिवसाचा उंच फ्लेक्स उभा होता, वाऱ्याने फडफडत. त्याची लोखंडी चौकट पडू नये म्हणून पायांवर दोन विटा आणि एक दगड ठेवलेला. आई त्या दगडासमोर उकिडवी बसली होती. जे गुडघे जिने चढत नाहीत, ते तिने दुमडले होते. तळवा दगडाच्या चपट्या अंगावर होता.

"गावलो," ती म्हणाली.

त्यावर पांढरा रंग सांडलेला होता आणि सिमेंटचे शिंतोडे. मला रडू आलं, रागानेच.

वॉचमन आला. "काय झालं मावशी?"

"हो खयसून हाडलंस?"

"हा? स्टोअररूमच्या दाराला अडकण म्हणून होता. फ्लेक्स सारखा उडतो ना, म्हणून मी आणला. फालतू दगड आहे."

"तुका दुसरो दगड गावात मा?"

"दगडांना काय तोटा," तो हसला, आणि फाटकाजवळचा एक पेव्हर ब्लॉक आणून त्याने खरंच बदली केली. वर वरवंटा उचलून मी थांबवलेल्या रिक्षात आईच्या मांडीवरही ठेवला.

मी आईला म्हटलं, मॅडमना सांगून येते, नाहीतर उद्या चोरी म्हणतील.

"तेंच्या रजिस्टरात माझो वरवंटो काचेत आसा," आई म्हणाली. "मगे हो कोणाचो? चल."

परतीचा प्रवास त्याच वाटेने, फक्त पवईला उतरून भजी खायचं ठरवलं होतं ते राहिलं, कारण आई मांडीवरून वरवंटा खाली ठेवायला तयार नव्हती. घरी आल्यावर तिने चिंच लावून तो घासला. रंग बराचसा गेला, सिमेंटचा एक ठिपका राहिलाय. रविवारी बारसं झालं. भाचीचं नाव सांगत नाही, तिची आई ब्लॉगवर टाकू देत नाही. पाटा मात्र तिथेच आहे, तो आणायला टेम्पो आणि कमिटी दोन्ही लागतील. अर्ज मी केलाय.

माझा राग उतरला का? नाही. उलट बायका जेवून गेल्यावर, बाळाला मांडीवर थोपटत आईने जे विचारलं त्याने तो दुप्पट झाला. "तो काचेतलो कोणाचो गो? तेंच्याकडे बारसा नसात काय?"

मी दुसऱ्या दिवशी मॅडमना फोन करून तेच विचारलं. त्या म्हणाल्या, नोंद बरोबर आहे.

तर वाचकहो, तुमच्यापैकी कुणाच्या आईने दोनेक वर्षांपूर्वी मुलुंडच्या कॉलेजातल्या मुलांना वरवंटा दिला असेल, तर जाऊन बघून या. दुसरी खोली, कोपऱ्यातलं काचेचं कपाट. काळा, लांब, मध्ये किंचित झिजलेला, उजव्या टोकाचा एक टवका उडालेला. खाली नाव माझ्या आईचं आहे, त्याकडे लक्ष देऊ नका. सोबत तुमच्या आईला न्या आणि तिला टोक दाखवा.